हाय लाइनवर पहिल्यांदा जाताना : रुळांवरच्या बागेची उत्तरेकडून दक्षिणेकडे सैर

न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या मुलाकडे वा मुलीकडे आलेल्या आईवडिलांना शहर दाखवायचे ठरते, तेव्हा यादीत स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग ही नावे आधी येतात आणि मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाची हाय लाइन ‘वेळ उरला तर’ म्हणून शेवटी लिहिली जाते. माझ्या मते तिला अख्खी सकाळ द्यावी. रस्त्यापासून साधारण ३० फूट उंचीवर, बंद पडलेल्या मालगाडीच्या मार्गावर केलेली ही सुमारे २.३ किलोमीटर लांबीची बाग आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि तिकीटही काढावे लागत नाही. मात्र कोणत्या टोकाने चढावे, कधी जावे आणि वर गेल्यावर नेमके काय पाहावे हे आधी माहीत नसेल, तर ती एक लांबलचक, गर्दीची पायवाट वाटू शकते. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे.

आधी थोडे रेल्वेविषयी

ही बाग नीट पाहायची असेल तर ती मुळात रेल्वे होती हे मनात पक्के ठेवून वर चढावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मॅनहॅटनच्या पश्चिम भागात मालगाड्या थेट रस्त्यावरून, माणसे आणि घोडागाड्या यांच्यामधून धावत असत. दहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर इतके लोक गाडीखाली सापडले की त्या रस्त्याला ‘मृत्यूचा रस्ता’ असेच नाव पडले. लोकांना बाजूला सारण्यासाठी रेल्वे कंपनीने घोडेस्वार नेमले होते. ते गाडीच्या पुढे घोडा चालवत आणि दिवसा लाल निशाण, रात्री कंदील हलवत जात. शहरातले लोक त्यांना ‘वेस्ट साइड काउबॉय’ म्हणत.

यावर उपाय म्हणून आखलेल्या मोठ्या योजनेत रस्त्याच्या पातळीवरची १०५ रेल्वे-फाटके बंद करण्यात आली आणि मालगाड्यांसाठी उंचावरून जाणारा पोलादी मार्ग बांधला गेला. १९३४ मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या. आखणी करणाऱ्यांनी हा मार्ग रस्त्याच्या डोक्यावरून न नेता शक्य तेथे इमारतींच्या रांगांमधून आणि काही ठिकाणी थेट इमारतींच्या पोटातून नेला, कारण रस्त्यावर उन्नत रेल्वे आली की खालचा रस्ता कायमचा अंधारात जातो, हा अनुभव न्यूयॉर्कला आधीच आला होता. दुसरा फायदा असा, की दूध, मांस आणि कारखान्यांचा कच्चा माल घेऊन आलेली वाघीण (मालडबा) गोदामाच्या वरच्या मजल्यातच जाऊन उभी राहत असे आणि हमालांना रस्त्यावर उतरावेच लागत नसे. आज चालताना आपण इमारतींच्या इतक्या लगटून का जातो, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

पुढे महामार्ग झाले, ट्रक वाढले आणि मालगाड्यांचे काम कमी होत गेले. दक्षिणेकडचा मोठा तुकडा १९६० च्या दशकात पाडला गेला. १९८० मध्ये गोठवलेल्या टर्की पक्ष्यांनी भरलेल्या तीन वाघिणी घेऊन शेवटची गाडी गेली असे सांगतात. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे रूळ तसेच पडून राहिले आणि खडीत साचलेल्या मातीत वाऱ्याने व पक्ष्यांनी आणलेले बी रुजून वर एक रानच तयार झाले. खालच्या जमिनीचे मालक हा मार्ग पाडा म्हणून मागे लागले होते. चेल्सी भागात राहणाऱ्या पीटर ओब्लेट्झ या रेल्वेप्रेमी गृहस्थांनी १९८० च्या दशकात केवळ १० डॉलरला तो विकत घेऊन वाचवण्याचा प्रयत्न केला. तो व्यवहार पुढे टिकला नाही, पण पाडापाडी लांबली. १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड या दोन रहिवाशांची एका स्थानिक सभेत गाठ पडली आणि त्यांनी ‘फ्रेंड्स ऑफ द हाय लाइन’ ही संस्था काढली. आजही बागेची निगा हीच संस्था राखते. छायाचित्रकार जोएल स्टर्नफेल्ड यांनी त्या काळात वर्षभर वर जाऊन काढलेल्या छायाचित्रांमुळे, खालून केवळ गंजका पूल दिसणाऱ्या या मार्गावर प्रत्यक्षात काय फुलले आहे हे शहराला पहिल्यांदा कळले.

मार्ग वाचला तो दोन युक्त्यांमुळे, आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. अमेरिकेच्या कायद्यात वापरात नसलेला रेल्वेमार्ग पुढेमागे लागेल म्हणून राखून ठेवण्याची आणि तोवर त्यावर पायवाट करू देण्याची तरतूद आहे. तिचा आधार घेण्यात आला. शिवाय २००५ मध्ये शहराने या भागाचे बांधकामाचे नियम बदलले आणि मार्गाखालच्या जमीनमालकांना आपला बांधकामाचा हक्क आसपासच्या भूखंडांना विकण्याची मुभा दिली. कालपर्यंत पाडा म्हणणारे मालक त्यामुळे राजी झाले. बागेच्या दोन्ही बाजूंना आज दिसणारे उंच, महागडे मनोरे काही अंशी याच निर्णयातून आले आहेत, आणि त्यांच्यापायी या भागातली घरभाडी कुठल्या कुठे गेली, हेही बागेचे कौतुक करताना विसरू नये असे मला वाटते.

बाग टप्प्याटप्प्याने उघडली. दक्षिण टोकाचा गॅन्सव्होर्ट स्ट्रीट ते २० वा रस्ता हा पहिला भाग जून २००९ मध्ये, ३० व्या रस्त्यापर्यंतचा दुसरा भाग २०११ मध्ये आणि ३० ते ३४ व्या रस्त्यांमधल्या रेल्वे यार्डाभोवतीचा तिसरा सप्टेंबर २०१४ मध्ये खुला झाला. एकूण आराखडा जेम्स कॉर्नर फील्ड ऑपरेशन्स आणि डिलर स्कोफिडिओ अँड रेन्फ्रो या संस्थांचा असून लागवड डच उद्यानकार पीट औडॉल्फ यांनी योजली आहे. पॅरिसमध्ये १९९३ पासून अशीच एक बाग जुन्या रेल्वेमार्गावर आहे आणि न्यूयॉर्ककरांसमोर तिचेच उदाहरण होते.

कधी जावे

बाग सकाळी ७ वाजता उघडते. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात ती उशिरापर्यंत खुली असते, हिवाळ्यात लवकर बंद होते आणि बर्फ पडला तर काही काळ बंदही ठेवावी लागते. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी हाय लाइनच्या संकेतस्थळावर वेळ आणि कोणकोणती प्रवेशद्वारे सुरू आहेत हे पाहून घ्यावे. शनिवार-रविवारी दुपारी वर इतकी गर्दी असते की थांबून एखादे फूल पाहण्याचीही सोय राहत नाही. सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळी ८ ते १० ही वेळ मला सर्वांत चांगली वाटते.

ऋतूंपैकी मे महिना आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य यांना पहिली पसंती द्यावी. वसंतात रेडबडच्या निष्पर्ण फांद्यांना थेट गुलाबी-जांभळी फुले लगडतात, तर शरदात गवते सोनेरी होतात आणि सुमॅकची पाने लालभडक होतात. हिवाळ्यात गेलात आणि सगळे वाफे वाळलेले दिसले, तर निगा राखली जात नाही असे समजू नये. औडॉल्फ यांच्या लागवडीत वाळलेले दांडे आणि बोंडे मुद्दाम उभी ठेवतात, कारण त्यांच्या आकारातही शोभा आहे आणि पक्ष्यांना त्यातले बी मिळते. मार्चच्या सुमारास स्वयंसेवक आणि माळी मिळून ती हाताने छाटतात. जुलै-ऑगस्टमधली दुपार मात्र टाळावी. वर सावली थोडी आहे आणि सिमेंटच्या फळ्या तापतात.

कोठून चढावे

बहुतेक पर्यटक दक्षिणेकडून, गॅन्सव्होर्ट स्ट्रीटपासून सुरुवात करतात. मी माझ्या आईला पहिल्यांदा तसेच नेले होते, तेही जुलैतल्या रविवारी भर दुपारी. सर्वांत गर्दीचा भाग आधी लागला आणि उत्तरेचा शांत भाग येईपर्यंत तिचे गुडघे थकले होते. त्यानंतर प्रत्येक पाहुण्याला मी ३४ व्या रस्त्यावरून नेतो. त्या टोकाला जिना नाही, रस्त्यावरून हळूहळू चढत जाणारा उतार आहे. त्यामुळे वयस्कर माणसे, चाकांची खुर्ची आणि बाळाची गाडी सहज वर जातात. सुरुवातीलाच मोकळी हवा आणि हडसन नदी मिळते आणि चालणे संपते ते खाण्यापिण्याच्या आणि बसण्याच्या भरपूर जागा असलेल्या भागात.

शहरातून येणाऱ्यांनी सबवेची ७ क्रमांकाची गाडी घेऊन ३४ स्ट्रीट–हडसन यार्ड्स या शेवटच्या स्थानकावर उतरावे आणि ३४ व्या रस्त्याने नदीच्या दिशेने थोडे चालावे. प्रवेश बाराव्या अ‍ॅव्हेन्यूच्या अलीकडे डाव्या हाताला आहे. एडिसन किंवा त्या बाजूच्या गावांतून एनजे ट्रान्झिटच्या गाडीने येणारे पेन स्टेशनला उतरतात. त्यांना आणखी एक सोय आहे. जून २०२३ पासून पेन स्टेशनचाच भाग असलेल्या मॉयनिहन ट्रेन हॉलच्या बाजूने दहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरून एक जोडपूल थेट ३० व्या रस्त्याजवळ हाय लाइनला मिळतो. त्याचा एक भाग मोठमोठ्या लाकडी तुळयांचा आहे आणि तो स्वतःच पाहण्यासारखा आहे. जर्सी सिटीहून पाथ गाडीने येणाऱ्यांनी ३३ व्या रस्त्याच्या शेवटच्या स्थानकावर उतरून पश्चिमेकडे चालत यावे किंवा बस घ्यावी. परतीला ते १४ व्या रस्त्यावरून पाथ पकडू शकतात.

जिन्यांची प्रवेशद्वारे मध्ये अनेक आहेत. लिफ्ट मात्र गॅन्सव्होर्ट, १४, २३ आणि ३० या रस्त्यांपाशीच आहेत, हे गुडघेदुखी असलेल्यांनी लक्षात ठेवावे. कोणी मध्येच थकले तर यांपैकी जवळची लिफ्ट गाठून खाली उतरता येते.

बरोबर काय घ्यावे आणि काय पाळावे

पाण्याची बाटली, टोपी आणि सपाट तळाचे बूट एवढे पुरेसे आहे. नदीवरचा वारा उत्तर टोकाला बोचरा असतो, म्हणून मे किंवा ऑक्टोबरमध्येही एक हलका स्वेटर असावा. घरचा डबा नेता येतो आणि बाकांवर बसून खाताही येतो. उत्तर टोकाला चढण्याआधी हडसन यार्ड्सच्या मॉलमधले प्रसाधनगृह वापरून घ्यावे, कारण वर गेल्यावर खात्रीची सोय १६ व्या रस्त्याजवळ आणि गॅन्सव्होर्टच्या टोकाला आहे.

कुत्रे, सायकली, स्केटबोर्ड आणि धूम्रपान यांना वर बंदी आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुळांवर, खडीवर किंवा वाफ्यांत पाऊल टाकू नये. छायाचित्रासाठी रुळावर उभे राहण्याचा मोह अनेकांना होतो. पण येथली माती सरासरी दीड फूटच खोल आहे, खाली पोलाद आणि सिमेंट आहे, आणि एकदा दाबली गेलेली माती अशा उथळ जागी लवकर सावरत नाही. फुले तोडू नयेत. देवासाठी दोन फुले घ्यावीत असे वाटणाऱ्या आजींना हे आधीच प्रेमाने सांगून ठेवावे.

प्रत्यक्ष चालताना

पहिला टप्पा ३४ व्या रस्त्यापासून ३० व्या रस्त्यापर्यंत यार्डाला वळसा घालून जातो. उजवीकडे हडसन नदी आणि डावीकडे खाली लाँग आयलंड रेल रोडच्या लोकल गाड्या रांगेने उभ्या असतात. मुंबईकराला कारशेडची आठवण व्हावी असे ते दृश्य आहे. या पट्ट्यातला बराचसा भाग मुद्दाम जवळजवळ होता तसाच ठेवला आहे. गंजलेले रूळ, फुटलेले स्लीपर आणि त्यांच्यामधून आपोआप उगवलेले रान पाहिले की स्टर्नफेल्ड यांनी काय पाहिले असेल याची कल्पना येते. उत्तरेकडून सुरुवात करण्याचे हे आणखी एक कारण आहे : मूळ आधी पाहिले की पुढची लागवड त्याच्यावरूनच कशी सुचली हे कळते. ३० व्या रस्त्याच्या पट्ट्यात लहान मुलांसाठी मार्गाच्या पोलादी तुळया उघड्या करून त्यांच्यावर मऊ आवरण चढवले आहे. मुलांना तेथे मनसोक्त चढू द्यावे.

दहाव्या अ‍ॅव्हेन्यूपाशी डाव्या हाताला एक छोटा फाटा फुटतो. टपाल गोदामाकडे जाणारा हा मार्ग २०१९ मध्ये बागेत सामील झाला आणि तेथील चौथऱ्यावर मोठी शिल्पे आळीपाळीने ठेवली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे इव्हान अर्गोटे यांनी घडवलेले १६ फूट उंचीचे अ‍ॅल्युमिनियमचे कबूतर बसवण्यात आले होते. तुम्ही जाल तेव्हा कदाचित दुसरे काही असेल.

येथून मार्ग दक्षिणेकडे वळतो. वळणावर भला लांब लाकडी बाक आहे, त्यावर पहिली विश्रांती घ्यावी. २८ व्या रस्त्याजवळ झहा हदीद यांनी रेखाटलेली, वळणावळणाच्या पोलादी पट्ट्यांची निवासी इमारत अगदी हाताशी येते. २७ ते २५ या रस्त्यांदरम्यान पायवाट जाळीच्या फळ्यांवरून साधारण आठ फूट आणखी वर चढते. दोन्ही बाजूंना गोदामांच्या उंच भिंती असल्यामुळे येथे ओलावा आणि सावली टिकते, म्हणून सुमॅक आणि मोठ्या पानांचा मॅग्नोलिया लावला आहे. आपण झाडांच्या बुंध्यांमधून न जाता शेंड्यांमधून चालतो. मॅग्नोलियाचे एखादे पान हातभर लांब असते. त्याला हात न लावता जवळून निरखावे. २६ व्या रस्त्यावर एक मोठी रिकामी चौकट आहे. पूर्वी या मार्गाला लागून जाहिरातींचे फलक असत, त्यांची ती आठवण आहे, आणि आता खालून पाहणाऱ्यांना त्या चौकटीत वरची माणसेच चित्रासारखी दिसतात.

२३ व्या रस्त्याजवळ हिरवळ आणि लाकडी पायऱ्या आहेत. डबा सोडायचा असेल तर येथे. पुढे २२ ते २० च्या दरम्यान झाडी दाट होते आणि पायवाट अरुंद होते, तेथे रेंगाळू नये.

२० व्या रस्त्याच्या दक्षिणेला आलो की सर्वांत जुना भाग सुरू होतो आणि येथे माझी एक विनंती आहे : पाच मिनिटे इमारती न पाहता पायांकडे पाहावे. पायवाट सिमेंटच्या लांबट फळ्यांची आहे. कडेला येता येता काही फळ्या निमुळत्या होत जातात, त्यांच्यामधली फट वाढत जाते आणि त्या फटीतून गवत वर येते. त्यामुळे पायवाट कोठे संपली आणि वाफा कोठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. काही ठिकाणी तीच फळी हळूच वर उचलली जाऊन बाक होते. वाफ्यातले रूळही शोभेसाठी नव्याने टाकलेले नाहीत. काम सुरू करताना प्रत्येक रुळाची जागा नोंदवून, त्यावर खूण करून तो काढला, खालचा सांगाडा दुरुस्त करून गळती बंद केली आणि मग निवडक रूळ त्यांच्या मूळ जागी परत बसवले. म्हणून कोठे सांधा दिसला, दोन रूळ एकमेकांपासून दूर जाताना दिसले, तर गाडी खरोखरच तेथे वळत होती असे समजावे. खालचा रस्ता ओलांडताना लोखंडी कठड्यांकडेही पाहावे. ते १९३० च्या दशकातल्या घडणीचे आहेत.

१७ व्या रस्त्यावर मार्ग दहाव्या अ‍ॅव्हेन्यूला तिरका ओलांडतो. तेथे मार्गाचा तळ कापून पायऱ्यांचे एक छोटे प्रेक्षागृह केले आहे आणि समोर रंगमंचाच्या जागी मोठ्या काचा आहेत. खाली तोच ‘मृत्यूचा रस्ता’ दिसतो आणि त्यावरून पिवळ्या टॅक्सी आपल्या पायांखालून निघून पुढे जात राहतात. घोड्यावर निशाण घेऊन गाडीपुढे जाणाऱ्या माणसाची गोष्ट बरोबरच्या मुलांना सांगायची असेल तर ती येथे बसून सांगावी.

लगेच पुढे १६ व्या रस्त्याजवळ मार्ग चेल्सी मार्केटच्या इमारतीत शिरतो. हा पूर्वी नॅशनल बिस्किट कंपनीचा कारखाना होता आणि १९१२ मध्ये ओरिओ बिस्किट पहिल्यांदा येथेच तयार झाले. मैदा आणि साखर घेऊन वाघिणी याच पोटात येऊन थांबत. आता या सावलीत खाण्याचे ठेले लागतात. १५ ते १४ च्या पट्ट्यात लाकडी आरामखुर्च्या आहेत. त्यांपैकी काहींना खाली चाके आहेत आणि ती रुळावर बसवलेली आहेत. उन्हाळ्यात समोर फरशीवरून पाण्याचा पातळ थर सोडतात. बूट काढून पाय भिजवायला कोणाची हरकत नसते.

त्यापुढे दोन खांबांवर बागेच्या डोक्यावरून पाय फाकून उभे असलेले स्टँडर्ड हॉटेल ओलांडले की बर्चची लहानशी राई लागते आणि मार्ग गॅन्सव्होर्ट स्ट्रीटवर येऊन अचानक थांबतो. घाईने जिना उतरण्यापूर्वी टोकावरच्या कठड्याशी जावे. मार्ग पूर्वी येथे संपत नव्हता. तो आणखी दक्षिणेला स्प्रिंग स्ट्रीटजवळच्या मोठ्या माल-स्थानकापर्यंत जात असे. त्यातला बँक स्ट्रीटपासून इथपर्यंतचा शेवटचा तुकडा १९९१ मध्ये पाडला. कठड्यावरून पाहिले तर खाली पूर्वीच्या मांसबाजाराचा रस्ता आणि शेजारी २०१५ पासून येथे असलेले व्हिटनी कलासंग्रहालय दिसते, आणि जेथून वाघिणी पुढे जात तेथे आता नुसते आकाश आहे.

खाली उतरायला जिना आणि लिफ्ट दोन्ही आहेत. पायांत बळ असेल तर १३ व्या रस्त्यासमोर हडसन नदीत उभारलेले लिटल आयलंड हे छोटे उद्यान पाच-सात मिनिटांवर आहे. नसेल तर चेल्सी मार्केटमध्ये परत येऊन चहा घ्यावा आणि १४ व्या रस्त्याने आठव्या अ‍ॅव्हेन्यूपर्यंत चालत जावे. तेथे ए, सी, ई आणि एल या चारही सबवे-गाड्या मिळतात.